हक्कसोडाच्या कागदाबद्दल

कराड, रविवार

चि. सौ. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "बरं, पाठवते सही करून" एवढंच म्हणालीस आणि ठेवलास. तू 'बरं' म्हणतेस तेव्हा काहीच बरं नसतं, हे मला तुझ्या दहावीपासून ठाऊक आहे. चूक माझी. हक्कसोडपत्राचा, म्हणजे घरातला तुझा हिस्सा माझ्या नावे सोडायच्या कागदाचा, मसुदा आगाऊ एक शब्द न बोलता पाठवायला नको होता. पस्तीस वर्षं पोस्टात काढून तो कुरियरने पाठवला, ही दुसरी चूक.

आणि ते सही करून पाठवायचं नसतं गं. दुय्यम निबंधकाकडे तुला स्वतः यावं लागेल. फोटो, अंगठा, सगळं तिथेच होतं.

फ्लॅट माझ्या आणि आईच्या नावावर, निम्मा निम्मा. आई मृत्युपत्र करू म्हणायची, मी म्हणायचो, घाई काय आहे. ती गेली आणि तिचा निम्मा आपल्या तिघांत वाटला गेला. तू, मी, दिनू, प्रत्येकी एक षष्ठांश. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव होतं, तेवढ्यावर मी निर्धास्त. काउंटरवर किती जणांना मीच समजावलं असेल, की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्याच्या हाती पैसे येतात पण वारसांचा हक्क सुटत नाही. सख्खे भाऊ माझ्यासमोर पासबुक ओढताना पाहिलेत. घरचा कागद मात्र पाहिला नाही.

मागे तू म्हणाली होतीस, सगळं माझ्या नावावर करा, दिनूला मी बघेन, माझ्यावर विश्वास नाही का? आहे. आई दवाखान्यात होती तेव्हा तू महिनाभर रजा टाकून दिनूची दाढी करायला शिकलीस. माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाही. पण वकिलांनी मला एकच विचारलं, "मुलगी आधी गेली तर?" मी खुर्चीवरून उठणारच होतो. त्यांनी बसवलं आणि सांगितलं. 1956 च्या कायद्याने बाई मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची मिळकत नवऱ्याला आणि मुलांना जाते. माहेरकडून आलेली असली तरी मुलं आहेत म्हटल्यावर तेच. म्हणजे परागराव, ओवी, अर्णव. परागराव देवमाणूस आहेत, पण त्या यादीत दिनू कुठेच नाही. तो त्याच घरात असेल, आणि घर त्याचं नसेल.

त्याच्याच नावावर करावं, तर तो 'दि' काढतो आणि कागद उलटा धरून बघतो.

म्हणून ट्रस्ट. खासगीच, 1882 च्या कायद्याखालचा, माझ्या मृत्युपत्रातूनच होणारा. घरातला माझा हिस्सा आणि ठेवी विश्वस्तांकडे राहतील, वापर दिनूचा, तो असेपर्यंत. त्याच्यानंतर तुझ्या मुलांचं. विश्वस्त तू आणि सुधाकरचा अमेय, बँकेत दोघांच्या सह्या. तू एकटीने ओझं वाहू नयेस म्हणून दोघं. शिवाय हिशेबावर दुसऱ्याची नजर असावी. कितीही प्रामाणिक माणूस असो, रोख दोघांनी मोजायची असते. झालं, पुन्हा काउंटरवर जाऊन बसलो. माफ कर.

तुझा षष्ठांश माझ्याकडे आला की मला तोही यात घालता येईल. हक्कसोड एवढ्याचसाठी आहे, तुला वगळायला नाही. आईच्या पाटल्या तुझ्या. त्या मी मृत्युपत्रात आधी लिहिल्या, घर नंतर.

निळ्या फायलीत दिनूच्या पालकत्वाचा कागद आहे. मूल अठराचं झालं की आईबापसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून ते घ्यावं लागतं. माझ्यानंतर तुला नवा अर्ज करावा लागेल. अपंगत्वाचं प्रमाणपत्र त्यातच आहे. माझ्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन त्याला आयुष्यभर मिळू शकतं, पीपीओवर, म्हणजे माझ्या निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, त्याचं नाव चढवून घेतलंय. त्याच्या इतर मिळकतीला मर्यादा असते, म्हणूनही सगळं त्याच्या नावावर नको.

इतकं सगळं एकदम का, असं तू विचारशील. सांगायचं नव्हतं. संकष्टीच्या दिवशी मी न्हाणीघरात पडलो. लागलं काही नाही, खरंच नाही, पण उठता येईना. दिनू आला, डोक्याखाली टॉवेल ठेवला आणि हात धरून शेजारी बसला. दीड तास. खालचे जोशी बेल वाजवून वाजवून गेले. मी म्हणतोय, दार उघड, आणि तो मान हलवतोय. बाबा सांगतील तोच माणूस असेल तर दार उघडायचं, हे मीच त्याला वर्षभर शिकवलं होतं. त्याला ते इतकं पक्कं येतं! तेव्हा अभिमान वाटला, हसू नकोस. रात्री मात्र झोप लागली नाही. त्या दिवशी मी उठलोच नसतो, तर तो किती वेळ तसाच बसला असता?

हे एकदाच लिहायचं ठरवलं होतं. पण फिरून तिथेच येतो. अजून रोज संध्याकाळी तो आईच्या चपला दाराकडे तोंड करून लावतो. आई गेली हे मी त्याला सांगितलं. मी गेलो हे त्याला कोण सांगणार, आणि कसं? वकिलांना विचारलं, हे कुठल्या कलमात लिहू? ते म्हणाले, वेगळ्या कागदावर मुलीसाठी लिहून ठेवा. लिहायला घेतलंय. न्हावी मंगळवारी, तेव्हा गर्दी नसते. भाकरी मोडून द्यायची नाही, त्याची त्याला मोडू द्यायची. फिटची गोळी साखरेबरोबर. सात पानं झाली.

मृत्युपत्रावर साक्षीदार दोन, डॉक्टर आणि जोशी. आत काय लिहिलंय हे त्यांना कळायची गरज नसते. नोंदणी सक्तीची नाही, पण मी करणार आहे.

तू गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघ, शुक्रवारी काम होईल. यायचं नक्की झालं की मला फोन कर, दिनूला देऊ नकोस. तू येणार कळलं की तो दारात उभा राहतो आणि जेवत नाही.

तुझे
बाबा