भिंतीत एक रिकामा पाईप टाका हो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत दिवाळीला कोणता टीव्ही घ्यावा, कोणता साउंडबार घ्यावा यावर पानभर आलं होतं, वाचलं, चांगलं होतं, पण आम्हा फिटिंगवाल्यांना स्वतःला काय विकायला आवडते ते त्यात कुठंच नव्हतं आणि मला वाटते गिऱ्हाइकानं आधी तेच समजून घ्यावं, म्हणून लिहून राहिलो. मी १९ वर्षांपासून नागपुरात हेच काम करतो. आधी महालात केबलवाल्याकडे होतो, छतावरून छतावर वायर ओढायचो, मग बर्डीला एका दुकानात फिटिंगला होतो आणि आता स्वतःचं आहे, भिंतीवर टीव्ही लावणे, प्रोजेक्टर, स्पीकर, होम थिएटर सगळं.

आधी धंद्याचं खरं सांगतो. टीव्हीत काही सुटत नाही. गिऱ्हाईक दुकानात येते तेव्हा मोबाईलवर ऑनलाईनचा भाव उघडाच असतो, त्याच्यापेक्षा जास्त सांगितलं तर तो पायऱ्या उतरून जाते, त्यामुळं टीव्ही जवळपास खरेदीच्या भावात द्यावा लागते. मग दुकान चालते कशावर तर भिंतीचा स्टँड, एचडीएमआय केबल (बॉक्समधून टीव्हीत चित्र आणि आवाज नेते ती), स्पाइक गार्ड आणि वाढीव वॉरंटी यावर. म्हणून बिल बनवता बनवता पोरगा हळूच म्हणते, काका एवढा भारी टीव्ही घेतला, केबलही चांगली लावा, आणि काका हो म्हणतात. एचडीएमआयमधून जाते तो डिजिटल सिग्नल आहे, तो पोचला तर पूर्ण चित्र दिसते, नाही पोचला तर पांढरे ठिपके येतात नाहीतर स्क्रीन मधूनमधून काळी होते, महाग केबलनं रंग गडद होतात किंवा चेहरे गोरे दिसतात असं काही नसते. टीव्ही आणि खालच्या बॉक्समध्ये दीड मीटर अंतर असेल तर साधी, सर्टिफिकेटवाली केबल पुरते. अल्ट्रा हाय स्पीड लिहिलेल्या केबलच्या डब्यावर स्टिकर असते, ते मोबाईलनं स्कॅन करून खरं की नकली ते कळते, तेवढं बघून घ्या. सोन्याच्या मुलाम्याचा फायदा एवढाच की पिन गंजत नाही. आपल्या नागपुरात तो फायदा थोडा खरा आहे कारण ४ महिने कूलरची ओली हवा घरात फिरत असते, पण त्यासाठी तिप्पट पैसे देऊ नका.

आता मला काय विकायला आवडते. मला भिंतीतला रिकामा पाईप विकायला आवडते. साधा पीव्हीसीचा, ४० एमएमचा, आत काहीच नाही, फक्त एक नायलॉनची दोरी. माझ्या कोटेशनमधली सगळ्यात स्वस्त ओळ तीच असते आणि लोक सगळ्यात आधी तीच खोडतात, म्हणतात भाऊ रिकाम्या पाईपचे काय पैसे घेता.

यामागं एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय कळणार नाही. २०१४ ला त्रिमूर्ती नगरच्या एका रिटायर्ड काकांचा बंगला बांधून होत होता, वरच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर पाहिजे होता. मी १२ मीटरची एचडीएमआय भिंतीत टाकली, सरळ प्लास्टरमध्ये, पाईप नाही काही नाही, त्यावेळी सगळेच तसंच करत होते आणि मलाही त्यात काही चूक वाटली नाही. फुल एचडीचा प्रोजेक्टर होता, चित्र एकदम झकास, काका काकू खुश, मला जेवूनच जाऊ दिलं. मग २०२१ ला त्यांच्या मुलानं पुण्याहून ४के चा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्राचा प्रोजेक्टर आणला, लावला, आणि दर १०-१५ सेकंदाला स्क्रीन काळी. मुलाला वाटलं प्रोजेक्टरच खराब निघाला, कंपनीचा माणूस येऊन गेला, त्यानंही प्रोजेक्टर ठीक आहे म्हणून सांगितलं. मी खालून दीड मीटरची केबल लावून पाहिली तर चित्र स्थिर. म्हणजे माझीच भिंतीतली केबल, ७ वर्षं जुनी आणि वरून १२ मीटर लांब, तिच्यातून एवढा डेटा जातच नव्हता. ओढून काढायचा प्रश्नच नाही, सिमेंटनं धरून ठेवलेली. काकूंनी त्याच महिन्यात हॉलला रंग दिला होता. शेवटी कटर लावून भिंत फोडली, सगळ्या घरात धूळ, देवघरात धूळ, आणि काका मला एक शब्द बोलले नाहीत, स्वतः झाडू घेऊन धूळ गोळा करत बसले. ते माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही. रंगाचे आणि प्लास्टरचे पैसे मी दिले, पण खरं नुकसान पैशाचं नव्हतं.

तेव्हा मी बसून हिशोब केला. २००९ ला एचडीएमआयची १.४ नंबरची आवृत्ती आली तेव्हा तिची डेटा नेण्याची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट होती, २०१३ ला २.० आलं ते १८ चं, २०१७ ला २.१ आलं ते ४८ चं, आणि २०२५ मध्ये २.२ आलं ते तर ९६ चं. म्हणजे १६ वर्षांत नऊपट झालं. भिंत आपण ४०-५० वर्षांसाठी बांधतो आणि तिच्यात जी वायर गाडतो ती १० वर्षंही पुरत नाही. आज कोणी मला विचारलं की भिंतीत कोणती केबल टाकू म्हणजे पुढं चालेल, तर ते कोणीच सांगू शकत नाही, दुकानदार सांगत असेल तर तो माल खपवायला सांगतो. पाईप असला की जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधा आणि जुनी ओढून काढा, अर्ध्या तासाचं काम.

पाईप टाकायचा कसा तेही लिहितो कारण टाकूनही वाया गेलेले पाईप मी भरपूर पाहिले. आपला इलेक्ट्रिशियन लाईटच्या पॉईंटसाठी २० किंवा २५ एमएमचा पाईप वापरते, तोच इथं टाकते आणि मग एचडीएमआयचं तोंड, जे जवळजवळ २ सेंटिमीटर रुंद असते, ते वळणावर अडकते ते अडकतेच. म्हणून ४० चा, जमलं तर ५० चा. कोपऱ्यावर एल्बो लावू नका, लांब गोल बेंड लावा, कारण ५-७ मीटरच्या पुढं आता फायबरची केबल टाकावी लागते आणि ती जास्त मुडपली की आतून तुटते, बाहेरून काही दिसतही नाही. (त्या फायबरच्या केबलला दिशा असते, एक टोक बॉक्सकडे आणि एक टीव्हीकडे, उलटी टाकली तर चित्र येत नाही, ओढायच्या आधी टोकावरचं वाचा.) दोन्ही तोंडांना बूच लावा नाहीतर प्लास्टर करताना आत सिमेंटचं पाणी जाऊन घट्ट होते. दोरी आतच राहू द्या. आणि २३० व्होल्टच्या वायरीसोबत एकाच पाईपमध्ये कधीच नको, एक तर ते धोक्याचं आहे आणि दुसरं म्हणजे स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येत राहते, वेगळा पाईप आणि मध्ये फूटभर अंतर. साडेचार इंची भिंतीत ४० चा पाईप जड जाते, तिथं फॉल्स सीलिंगमधून किंवा टीव्हीच्या पॅनलमागून न्या, पण कॉलम आणि बीमला कटर लावू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणू दे की काही होत नाही.

कुठून कुठं? टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत एक, युनिटपासून सोफ्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांत एक एक, आणि कधीतरी प्रोजेक्टर लावायची इच्छा असेल तर छताच्या मध्यापर्यंत एक. टीव्हीमागचं तोंड जमिनीपासून साडेतीन फुटावर ठेवा. सोफ्यावर बसल्यावर डोळे तेवढ्याच उंचीवर येतात. आपल्याकडे टीव्ही देवाच्या फोटोसारखा वर टांगतात आणि घरातले म्हातारे लोक तास तास मान वर करून मालिका पाहतात, मानेचा त्रास झाला की उशी बदलतात.

दुसरी वस्तू, जी मी मनापासून विकतो ती पूर्ण तांब्याची स्पीकर वायर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर फार आली आहे, वरून अगदी तशीच दिसते. ब्लेडनं एक तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असते, त्यामुळं लांब अंतरावर आवाज उतरते, आणि ती तार स्क्रूखाली दबून सैल होते, मग दोन वर्षांनी एका बाजूचा स्पीकर खरखर करते आणि शिव्या स्पीकरला पडतात. साध्या ८ ओहमच्या स्पीकरला ३० फुटांपर्यंत १६ गेजची, म्हणजे दीड स्क्वेअर एमएमच्या आसपासची तांब्याची वायर पुरते. ऑडिओ म्हणून खास नाव दिलेली हजारो रुपये मीटरची वायर मी ठेवतच नाही.

आणि अर्थिंग. हे मी विकत नाही, पण अर्थिंग तपासल्याशिवाय मी महागाचा माल लावत नाही. महाल, इतवारीच्या जुन्या घरांत अजून दोन पिनचे सॉकेट सापडतात, तीन पिनचं असलं तरी तिसऱ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नसते. अशा ठिकाणी स्पाइक गार्ड विकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात, कारण अर्थिंगच नसेल तर तो त्याचं पूर्ण काम करू शकत नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, सगळ्या मोहल्ल्याचे कूलर आणि एसी एकदम चालू असतात, व्होल्टेज खाली वर होते, लाईन जाते येते, आणि मग जूनमध्ये पहिला पाऊस येते तो विजा घेऊनच. दरवर्षी त्या आठवड्यात माझ्याकडे जळालेले ॲम्प्लिफायर येतात. विजा कडाडायला लागल्या की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवा, त्याला पैसे लागत नाहीत.

साउंडबारबद्दल थोडंच. डॉल्बी ॲटमॉस लिहिलेले जे बार वरच्या दिशेनं आवाज फेकतात त्यांना सपाट छत लागते, आवाज छतावर आपटून खाली यायला पाहिजे. टिनाचं उतरतं छत असेल किंवा पीओपीमध्ये खूप खाचा आणि नक्षी असेल तर तो पैसा छतातच राहते, त्यापेक्षा साधा २.१ चा बार घ्या, म्हणजे दोन बाजूंचा आवाज आणि एक वूफर. आणि खोक्यावर पीएमपीओ ५००० वॅट लिहिलेलं असेल तर तो क्षणभराचा फुगवलेला आकडा सोडून द्या आणि आरएमएस, म्हणजे सतत निघणारी खरी ताकद, किती ते विचारा.

आता मुद्द्यावर येतो. बेसा, मनीष नगर, वर्धा रोडकडे रोज नवीन बिल्डिंगा उभ्या होऊन राहिल्या, ब्रोशरमध्ये मॉड्युलर किचन असते, व्हिडिओ डोअर फोन असते, पण टीव्हीच्या भिंतीत एक रिकामा पाईप मी अजून एकाही ब्रोशरमध्ये पाहिला नाही. लोक ताबा घेतात, गृहप्रवेश करतात, टाईल्स चमकत असतात, आणि त्यानंतर मला बोलावतात, मी भिंतीकडे पाहतो आणि सांगतो की काकू आता एक तर बाहेरून पट्टी मारावी लागेल नाहीतर फोडावं लागेल. त्यांचा चेहरा उतरते. अख्ख्या फ्लॅटला हे पाईप टाकायला एका भारी एचडीएमआय केबलपेक्षा कमी पैसे लागतात हो, फक्त ते प्लास्टरच्या आधी करावं लागते. नागपूरच्या बिल्डर आणि आर्किटेक्ट लोकांना माझी हात जोडून विनंती आहे की इलेक्ट्रिकच्या ड्रॉईंगमध्ये ही एक रेघ वाढवा. आणि तुम्हाला विनंती अशी की पुरवणीत नवीन टीव्हीचे फोटो छापता तसं एखाद्या रविवारी या पाईपचंही साधं चित्र छापा, कुठून कुठं जाते ते दाखवणारं, मी काढून पाठवतो, कारण ज्याच्या घरी आता विटकाम चालू आहे तो माणूस दुकानात यायला अजून ६ महिने आहेत आणि तोवर प्लास्टर होऊन जाते.

आपला नियमित वाचक,
एक फिटिंगवाला,
प्रताप नगर, नागपूर