ट्यूनरबाब, देव बरें करूं!

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या फोंडा-डिचोली भागात घरी पियानो शिकवणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. शिकवणीचे श्रेय शिक्षकाला मिळते, ग्रेड परीक्षेचे गुण विद्यार्थ्याला. पियानोच्या सुमारे 230 तारा आणि त्यांचा 18-20 टनांचा ताण सांभाळून सूर लावणारे तुम्ही मात्र हत्यारांची पेटी उचलून पुढच्या घरी जाता.

पहिले आभार, पियानोची पुढची फळी काढून विद्यार्थ्यांना आत बघू देता याबद्दल. आमच्याकडे शाळकरी पोर असो की निवृत्त बँकवाला, पुष्कळ जण हार्मोनियमवरून येतात. कान तयार असतो, पण डावा हात भात्याचा. हार्मोनियमवर जोर भात्यात असतो, पट्टी कशीही दाबली तरी चालते. पियानोची पट्टी जेमतेम 10 मिलिमीटर खाली जाते, आणि हातोडी तारेला लागण्याच्या किंचित आधी पट्टीपासून सुटते. म्हणजे सूर उमटल्यावर पट्टी रेटून काही मिळत नाही. तारेचा नाद थांबवणारा डॅम्पर वर राहील इतकाच भार पुरे. मनगट सैल सोडा, असे आम्ही शंभरदा सांगतो. ती सुटणारी हातोडी एकदा पाहिली की ते आपोआप सैल होते.

दुसरे आभार तुमच्या स्पष्ट नकाराबद्दल. चवथीला पाहुणे येणार म्हणून ट्यूनिंग करून द्या, असे सगळेच म्हणतात. तुम्ही म्हणता, दिवाळीनंतर. पावसाळ्यात साउंडबोर्डचे, म्हणजे तारांचा नाद मोठा करणाऱ्या फळीचे, लाकूड दमट हवेने फुगते, तारांना वर ढकलते आणि सूर चढतो. तोही सारखा नाही: मधल्या सप्तकांत जास्त, खर्जात कमी. तेव्हा लावलेला पियानो कोरडी हवा आली की पुन्हा उतरणारच. हवा स्थिरावल्यावर दोन-तीन आठवडे थांबून मधली पांढरी सहा (म्हणजे ए) 440 हर्ट्झला आणली, तर ट्यूनिंग टिकते. पैसे समोर असताना थांबा म्हणणारा कारागीर विरळाच.

जुन्या वाड्यातला, अर्ध्या स्वराने उतरलेला पियानो तुम्ही एका फेरीत लावत नाही, हेही आता पालकांना पटते. नवा ताण चढला की साउंडबोर्ड दबतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा खाली येतात. म्हणून आधी ढोबळ फेरी, मग बारीक, आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. गंजलेली तार तुटू शकते, हे तुम्ही आधीच सांगून ठेवता.

अडकणाऱ्या पट्ट्यांची तुमची परीक्षा तर प्रत्येक घरी लागू पडली. वरचे झाकण उघडून पट्टी दाबून सोडायची. पट्टीच खाली राहिली, तर तिच्या पिनेभोवतालचे फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे कापड) फुगले आहे, किंवा फटीत एखादे नाणे गेले आहे. पट्टी वर आली पण हातोडी रेंगाळली, तर दोष हातोडीच्या बिजागरीत. दोन्ही वेळा तेलाचा स्प्रे मारायचा नाही! फेल्ट तेल पिऊन आणखी बिघडते, आणि तेल तारा ताणून धरणाऱ्या खुंट्यांच्या लाकडात उतरले तर खुंट्या सैल होऊन सूर धरतच नाहीत.

फक्त वर्गापुरता एसी लावून बंद करण्यापेक्षा हवा कायम सारखी ठेवा, पियानो पावसाच्या भिंतीला चिकटवू नका, खालच्या कप्प्यात कमी वॅटचा हीटर ठेवाल तर तो लाकडाला वा फेल्टला टेकू देऊ नका, या सूचना आम्ही आता नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी देतो. मुलांसाठी पायाखाली पाट आणि कोपर पट्ट्यांच्या पातळीत, एवढे आमचे आम्ही बघतो.

यंदाही दिवाळीनंतरचा एक आठवडा फोंड्यासाठी राखून ठेवा. कवळ्याच्या पियानोत मधल्या सीच्या तीन तारांपैकी एक वेगळीच बोलते आहे, आणि म्हार्दोळला पेडल करकरते. जेवण आमच्याकडेच.

तुमचे,
फोंडा-डिचोलीचे पियानो शिक्षक