दुग्गाच्या पहारेकरीदादांना, साताऱ्याहून

दादा, नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, आणि पडलं तरी तुम्हाला मराठी वाचता येणार नाही. तरी लिहिते. ट्युनिशियाहून परत येऊन तीन आठवडे झाले, अण्णा अजून आल्यागेल्याला तुमचीच गोष्ट सांगतात. मी सांगायला गेले की अर्ध्यात गळा दाटतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७९, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आयुष्यभर हायस्कुलात इतिहास शिकवला, मोडी वाचतात. नाणेघाटातल्या ब्राह्मी लेखासमोर पोरांना तासभर उभं करणारे मास्तर! त्यांना तुमच्या देशात यायचं होतं ते समुद्रासाठी नाही, दुग्गासाठी, तिथल्या प्राचीन शहराच्या अवशेषांसाठी. सहल कंपनीच्या कार्यक्रमात ते नाव पैसे भरेपर्यंत होतं. ट्यूनिसला उतरल्यावर गायब. "तिथं नुसते दगड आहेत हो, आजोबांना झेपायचं नाही," म्हणून त्या दिवशी बाजारहाट. एल जेमचं ते थोरलं रोमन अँफिथिएटर, ३५,००० माणसं मावतील एवढं, तिथंही सल्ला तोच, आजोबांना बसमध्येच बसू द्या. माहितीपत्रकावर ठळक छापलं होतं, 'ज्येष्ठांची विशेष काळजी'. काळजी एवढीच, की ज्येष्ठांनी खाली उतरू नये.

मग बाजारहाटाच्या दिवशी आम्ही दोघं सरळ लुआजमध्ये बसलो. लुआज म्हणजे आमच्या वडापचं सख्खं भावंड, भरल्याशिवाय हलायचं नाही. तुमच्या फाटकाशी पोचेपर्यंत अण्णांचा चेहरा दुखण्यानं पांढरा पडला होता.

साडेतीन हजार माणसांचं ते डोंगरउतारावरचं थिएटर मी तोंडात बोट घालून बघत राहिले. कॅपिटॉल नावाच्या देवळाचे खांब, खाली पसरलेली शेतं. अण्णांनी नुसती मान हलवली. "हे रोमन. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. अलीकडचं." त्यांना हवा होता तो खाली, पार उताराच्या टोकाला, जैतुनाच्या झाडांत उभा असलेला इसवी सनापूर्वीचा, रोमनांआधी इथं राज्य केलेल्या नुमिडियनांचा मनोरा. त्यांनी काठीनं दाखवलं. आणि दादा, मीसुद्धा तेच म्हणाले जे कंपनीवाले म्हणाले होते. "इथून दिसतोय की अण्णा. मी जाऊन फोटो काढून आणते."

तुम्ही बाजूला उभे होता. शब्द कळले नसतील, चेहरा कळला असेल. आत गेलात आणि पांढरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आलात. एक हात तडकलेला, तारेनं बांधलेला. ती डोक्यावर उलटी धरून पुढे चालू लागलात. तीसेक पावलांवर फरसबंदीवर टेकवलीत, दाबून बघितलीत, डुगडुगली तशी एका पायाखाली चपटा दगड सरकवलात. "कुर्सी, हाज, कुर्सी." अण्णा मोठ्यानं हसले. "अगं, खुर्ची! आपण यांच्याकडूनच तर घेतलाय शब्द."

असं अकरा वेळा. मी मोजलं. दर वेळी दगड शोधलात, दर वेळी खुर्चीची पाठ उन्हाकडे केलीत. "श्वैया, श्वैया," म्हणत, म्हणजे हळूहळू. घाई मलाच होती.

मनोऱ्यासमोर अण्णा बसले आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला. १८४२ मध्ये ब्रिटिश कॉन्सल टॉमस रीडनं इथला लेख काढून नेला, त्यात अख्खी इमारत ढासळली. पुढे फ्रेंचांनी १९०८ ते १९१० मध्ये ती पुन्हा उभारली. लेख मात्र आजही लंडनच्या म्युझियममध्ये. एकच मजकूर प्यूनिकमध्ये, म्हणजे कार्थेजच्या भाषेत, आणि लिबिकमध्ये, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेत. प्यूनिक वाचता येत होती, तिच्या आधारानं लिबिकची अक्षरं लागली. हे सगळं तुम्हाला मराठीत ऐकवलं त्यांनी! मग वही काढून लेखातली नावं वाचली, कारण त्यात कारागिरांचीही नावं आहेत. मस्दल सुतार, पापाय लोहार. तुम्ही हात मागे बांधून ऐकत होता, वर्गात उभं राहावं तसे.

वर चढताना पुन्हा तीच खुर्ची. मी पैसे पुढे केले तर हात छातीवर ठेवलात आणि मान हलवलीत.

त्यानंतर मला माणसं वेगळी दिसायला लागलीत. बँकेत म्हाताऱ्याला 'बसा' म्हणणारा शिपाई, एसटीत आपणहून सरकून जागा देणारी पोरगी. आधीही असतीलच, मीच बघत नव्हते.

कंपनीकडून अभिप्रायाचा फॉर्म आलाय. 'सहलीत सर्वांत काय आवडलं?' तसाच पडून आहे.

परवा अण्णांची ती वही आवरताना उघडली. सुतार, लोहार सगळे ओळीनं. त्यांच्या खाली मोडीत तुमचं नाव, फाटकाशी विचारून घेतलेलं, आणि पुढे एकच शब्द, 'खुर्ची'.

तुमची,
मास्तरांची मुलगी