मुलांनी पुस्तक वाचलं की लगेच प्रश्न विचारू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१५ ऑक्टोबरला शाळाशाळांमध्ये वाचन प्रेरणा दिन झाला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपल्या राज्यात २०१५ पासून असा साजरा होतो आणि कल्पना चांगलीच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला बोलायचंय ते १६ ऑक्टोबरपासून पुढे काय होतं त्यावर. पुस्तकं परत कपाटात जातात, कपाटाला कुलूप लागतं, आणि मुलांकडे वाचन म्हणून जे उरतं ते म्हणजे प्रोजेक्ट.

माझा मुलगा पाचवीत आहे, मराठी माध्यमात. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला त्यात पाच अवांतर पुस्तकं वाचा असं लिहिलंय, वाचून मला आनंदच झाला, पण खाली प्रत्येक पुस्तकासाठी एक तक्ता भरायचाय. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, सारांश, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध आणि दहा नवीन शब्द अर्थासकट. आता याचा परिणाम काय होतो ते घरात बसून बघा. मुलगा पुस्तक हातात घेतो आणि आधी पानं किती आहेत ते बघतो. सगळ्यात बारीक पुस्तक निवडतो. एका हट्टी म्हशीची इतकी मजेदार गोष्ट होती, वाचताना खुसुखुसु हसत होता, आणि अर्ध्यातच थांबून मला विचारतो, आई याचा बोध काय लिहू? म्हशीच्या गमतीत बोध नसतो हो, गंमतच असते, आणि दहा वर्षाच्या मुलासाठी तेवढं खूप झालं! पुढच्या दोन दिवसांत ग्रुपवर कुणीतरी तयार सारांश टाकतं, बाकीचे उतरवून घेतात, तीसएक वह्यांत एकच सारांश, म्हणजे ज्या पुराव्यासाठी हा सगळा तक्ता काढला तो पुरावाही खोटाच.

बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्याकडून वरून रिपोर्ट मागतात, फोटो मागतात, त्या तरी काय करणार. आणि पालकसभेत त्यांनीच सांगितलं की आधी त्या आठवड्यातून एक तास मुलांना नुसतं वाचायला देत होत्या तर काही पालकांनी तक्रार केली, बाई शिकवत नाहीत, मुलांना नुसतं बसवून ठेवतात. तेव्हा हे फक्त शाळेचं नाही, आपल्या सगळ्यांचंच आहे. स्कॉलरशिपचा क्लास, अबॅकस, कराटे, यातून मूल संध्याकाळी मोकळं झालं आणि गोष्टीचं पुस्तक घेऊन लोळलं की लगेच आपल्या तोंडून येतं, अभ्यास झाला का?

माझी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिच्याकडून कळलं ते कुलुपाचं कारण. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजारांपर्यंत अनुदान असतं, पुस्तकं येतात, चांगली रंगीत येतात, पण प्रत्येक पुस्तक साठा रजिस्टरला चढतं आणि ते ज्या शिक्षकाच्या ताब्यात असतं त्याला तपासणीच्या वेळी आकडा जुळवून दाखवावा लागतो. पुस्तक फाटलं, हरवलं, पोराच्या धाकट्या बहिणीने रंगवलं तर उत्तर शिक्षकाने द्यायचं, कधीकधी खिशातूनही भरायचं. प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पदच नसतं, म्हणजे हे काम वर्ग सांभाळून करायचं. मग कोण कशाला कपाट उघडेल? तिच्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या घरात कॅलेंडर सोडलं तर छापलेला कागद नाही, त्यांना ते रंगीत पुस्तक घरी न्यायला मिळणं म्हणजे काय असतं ते आपल्यासारख्यांना कळणार नाही. तिने स्वतःच्या जबाबदारीवर पुस्तकं घरी द्यायला सुरुवात केली. काही फाटली, एक पावसात भिजलं. पण मुलं आपापसात बदलून वाचतात, आणि आधी जी मुलं पाठ्यपुस्तकातला धडा बोट ठेवून अडखळत वाचायची त्यातली काही आता न थांबता वाचतात असं ती सांगते. फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक, हे तपासणीला येणाऱ्या साहेबांनीही मान्य करायला हवं.

कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात स्पष्ट आहे, प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत, गोष्टीची पुस्तकंसुद्धा. गोष्टीची पुस्तकं हे शब्द खास घातलेत, कुणीतरी विचार करूनच घातले असतील ना. ती वाचून झाल्यावर तक्ता भरावा असं मात्र तिथे कुठेही नाही.

बाहेर वाचनालयं नाहीत असंही नाही. आमच्या कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, रत्नागिरीचं तर १८२८ चं. सव्वाशे ते दोनशे वर्षांपूर्वी हे उभं राहिलं. पण आज दहा वर्षाचं मूल स्टेशनजवळच्या त्या ट्रॅफिकमधून एकटं जाऊ शकत नाही, आणि मी लोकलने घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. म्हणून म्हणते शाळेतलंच कपाट उघडं पाहिजे, कारण मूल जिथे रोज असतं तिथेच पुस्तक हाताला लागलं पाहिजे.

आमच्याकडे जे काही वाचन टिकलंय ते माझ्या सासूबाईंमुळे. रात्री जेवणं झाली, मी ओटा आवरते तेव्हा त्या मोठ्याने वाचायला बसतात. मुलाला वाचता येतं की आता, मग कशाला, असं माझे मिस्टर आधी म्हणायचे, पण ऐकणं आणि स्वतः वाचणं यातली मजा वेगवेगळी आहे. शेजारची मुलगी इंग्रजी शाळेत जाते, मराठी तिला विषय म्हणून आहे, २०२० च्या कायद्याने सगळ्याच शाळांना तो सक्तीचा झालाय, पण जोडाक्षर आलं की ती अडते आणि मग पुस्तकच बाजूला ठेवते. तीही येऊन बसते. सासूबाई रंगात आल्या की मुद्दाम ऐन उत्सुकतेच्या जागी थांबतात, डोळे दुखतायत म्हणतात आणि आत जातात. परवा ती मुलगी पुस्तक मागून घरी घेऊन गेली, पुढचं काय झालं ते वाचायला. जोडाक्षरं आता अडली नाहीत का? अडली असतीलच, पण पुढे काय झालं हे कळायलाच हवं होतं ना तिला.

मुलगा कधी मोबाईल मागतो तर मी त्याला किशोर मासिकाचे जुने अंक काढून देते. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनी नेटवर फुकट ठेवलेत, पालकांना हे माहीतच नसतं म्हणून मुद्दाम लिहिलं. तेच तेच अंक तो परत परत वाचतो. आपण मोठे म्हणतो नवीन काहीतरी वाच, ते झालंय की वाचून. पण आवडीची गोष्ट मूल परत वाचतं तेव्हा त्याला पुढचं सगळं माहीत असतं, म्हणून ते निवांतपणे शब्दांकडे, चित्रांकडे बघतं, आणि भाषा खरी तेव्हाच आत जाते असं मला वाटतं. विनोद, क्रिकेटची माहिती, भुताच्या गोष्टी, जे वाचेल ते वाचू द्या. हलकं आणि भारी आपण ठरवायला नको.

शिक्षण विभागाकडे मागणी मोठी नाही. आठवड्यातून एक तास वाचनाचा ठेवा, त्यात बाईंनी पण स्वतःचं पुस्तक घेऊन बसावं, आणि तास संपल्यावर कुणी काही विचारू नये, लिहून घेऊ नये. कोणतं मूल काय वाचतंय हे कळायला पुस्तक देवघेवीची वही पुरे आहे. दरवर्षी काही पुस्तकं फाटणार, हरवणार हे धरून चला, त्यांची नोंद कमी करायची सोय शाळेच्याच पातळीवर द्या, शिक्षकाकडून भरपाई नको. आणि सुट्टीच्या अभ्यासातून तो तक्ता काढून टाका, म्हणजे सुट्टीत मुलं वाचतील तरी.

एक विनंती आपल्यालाही आहे. वर्तमानपत्रात मुलांसाठी आठवड्याला एक गोष्ट छापा, जरा मोठ्या टायपात, आणि तिच्या खाली प्रश्नमंजुषा देऊ नका.

आपली,
एक पालक, कल्याण