कामाचं पत्र

गुहागर
मे महिना, दुपारचे तीन, वीज नाही

प्रिय पक्या,

पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळी ठणठणीत आहेत. फोन करता आला असता, पण हे पत्र मी लिहीत नाहीये, माझ्याकडून लिहून घेतलं जातंय. समोर झोपाळ्यावर चार जणं बसलीयत आणि दर पाच मिनिटांनी "किती झालं?" म्हणून विचारतायत. भानगड काय ते पुढे येईल.

चार म्हणजे दादाचे दोघे आणि ताईच्या दोघी. थोरला सोन्या तेराचा. आवाज फुटतोय, त्यामुळे तोंड उघडायला लाजतो. ठकी दहाची, ती त्याच्या वाटचंही बोलते. मग गोट्या, आठ वर्षांचा. आणि शेंडेफळ बबडी, पावणेचार. दादाचे मला काका म्हणतात, ताईच्या मामा. बबडीच्या कानावर दोन्ही पडायला लागलं तेव्हा तिने आपल्यापुरता निकाल लावून 'कामा' करून टाकला, आणि दोन दिवसांत तो घरभर झाला. "नावाचाच कामा," इति आई.

निकाल लागल्यावर दुसऱ्या दिवशी आली सगळी. चिपळूणला उतरून शृंगारतळीवरून एस्टीने, तू यायचास तशीच. मी मोठा बेत आखून बसलो होतो. आपण जे जे केलं ते ते सगळं ह्यांच्याकडून करून घ्यायचं, अशी यादी. यादीतलं पहिलं कलम सुरू व्हायच्या आत त्यांना आगरातला पाट सापडला. आबा पोफळींना शिपणं करत होते. ही चौघं जी पाटात उतरली ती तीन दिवस बाहेर आली नाहीत. जेवायला यायची तीही गळत. मग पोफळीची गळून पडलेली झावळ सापडली, बुडाच्या रुंद विरीसकट. एकाने बसायचं, दुसऱ्याने शेंडा धरून ओढायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही रे, बघितल्याबरोबर कळलं. मलाही बसवलं. दोन पावलं गेली नि विरी टरकन फाटली. "कामा ओव्हरलोड झाला," गोट्या म्हणाला. यादी मी त्याच दिवशी फाडली.

कासवांचं सांगतो. पहिल्याच आठवड्यात यंदाच्या शेवटच्या घरट्यांपैकी एकातून पिल्लं निघाली. भल्या पहाटे चौघांना उठवून किनाऱ्यावर नेलं. सुरूच्या बनातून जाताना सगळी अर्धी झोपेत, बबडी तर माझ्या खांद्यावर घोरत होती. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या, मधून पिल्लांनी आपली आपण चालत समुद्रात जायचं, कुणी हात लावायचा नाही, बॅटरी मारायची नाही. आपल्या तळहातावर दोन-तीन मावतील एवढी. एक पिल्लू लाटेपर्यंत पोचलं नि लाटेनेच उलटंपालटं करून परत आणून टाकलं. बबडी ओरडली, "अरे, तिकडे!" तिसऱ्या लाटेला गेलं एकदाचं.

"ह्यांची आई कुठाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, आई अंडी घालून वाळू सारखी करते आणि निघून जाते. त्यावर ठकी गंभीरपणे, "म्हणजे मामाकडेसुद्धा नाही सोडत?"

तिथल्या कासवमित्रांनी सांगितलेलं सोन्याने मात्र डोक्यात ठेवलंय. २०२३ ला इथूनच दोन कासविणींच्या पाठीवर ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवून सोडलं होतं, बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि उलट, ओडिशात २०२१ ला ओळखपट्टी लावलेली एक, २०२४ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटर! हे ऐकल्यावर दादा पुटपुटला, "आणि आम्हाला मुंबईहून यायला सुट्टी मिळत नाही." ह्या मुंबई-गोवा महामार्गाने यायचं तर कासविणीचाच रस्ता बरा, पण तो विषय नको, आज माझा मूड चांगला आहे.

करवंदांना गेलो होतो. तुला आठवतो ना कोंबडा-कोंबडीचा खेळ? खायच्या आधी सांगायचं, मग चावून बघायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. ठकीने ह्याची वही घातलीय. तारीख, खाणाऱ्याचं नाव, काय सांगितलं, काय निघालं. सगळं सुरळीत चाललं होतं तोवर गोट्याला गुलाबी निघालं. तो म्हणे कोंबडा, ठकी म्हणे कोंबडी, सोन्या म्हणाला पिल्लू. भांडण आबांपुढे गेलं. आबांनी चष्मा लावला, तशीच गुलाबी दिसतील ती करवंदं मागवली, एक खाल्लं, बराच वेळ विचार केला नि म्हणाले, "पुरावा अपुरा आहे. अजून आणा." अजून आणली. पुन्हा पुरावा अपुरा. असं करत द्रोण संपला आणि आबांनी निकाल राखून ठेवला. ठकीच्या वहीत त्या ओळीपुढे अजून रिकामी चौकट आहे.

बरक्या फणसाचं तर महाभारत झालं. आई पडवीत कोयत्याला तेल लावून बसली होती, सगळ्यांच्या हातांना तेल चोळून झालं होतं, फक्त बबडी नेमकी त्या वेळी मांजरामागे गेलेली. आली ती थेट फणसाच्या अर्ध्या भागात दोन्ही हात घालून. मग चिकाचे हात केसांना पुसले, आणि वर मांजराला उचललं. पक्या, मांजर आणि मुलगी एकमेकींना चिकटलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मांजर सुटलं, पण अर्धे केस बबडीच्या तळव्यांवर ठेवून गेलं. वहिनीने घाईने साबण लावला. चिकाला साबण! तो पसरला कोपरापर्यंत. शेवटी आईने तिला मांडीत घेतलं आणि वाटीभर खोबरेल घेऊन एकेक बोट सोडवत बसली, बोटागणिक एक गरा भरवत. अर्धा तास लागला. बबडीने तो अर्धा तास इतका लांबवला की सुटलेली बोटं पुन्हा चिकात बुडवताना ती पकडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फणसाच्या रसाची सांदणं, नारळाच्या दुधात बुडवून. ताई सहा खाऊन उठली आणि "मी गोड सोडलंय" म्हणाली.

हेदवीची सहल मात्र माझ्यामुळे फसली. ह्यांना बामणघळ दाखवायची होती. मी वाटेत रंगवून सांगितलं, लाट त्या चिंचोळ्या घळीत घुसते आणि पाणी कसं उंच उसळतं वगैरे. साडेबाराला तिथे. घळीत तळाशी जरासं पाणी, तेही लोळत पडलेलं. बबडी वाकून वाकून बघतेय. मग मला हळूच म्हणते, "कामा, नळ बंद आहे?"

घरी आलो तर आबा झोपाळ्यावर. "आज तिथी कोणती?" दशमी. "दहाचे पाऊणपट किती?" मी आकाशाकडे बघितलं. गोट्या म्हणाला, साडेसात. "म्हणजे भरती साडेसातला, आणि ओहोटी?" दीड. तिथीच्या पाऊणपट भरतीची वेळ, हे आपल्याला लहानपणी दहा वेळा सांगितलंय त्यांनी, पण तेव्हा आपलं लक्ष कुठे होतं तुला माहीत आहे. शिवाय घळीचा खरा तमाशा पुनवेच्या नाहीतर अवसेच्या उधाणाला. आता गोट्या रोज सकाळी कॅलेंडर बघून घरभर भरती-ओहोटी जाहीर करत फिरतो. न्हाणीघरातला बंब भरायलाही त्याची परवानगी लागते.

आणि आढी. कोठीच्या खोलीत पेंढ्यात आंबे घातलेत, रोज त्यातले पिकलेले आबा निवडून काढतात. (हापूसला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ना, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळालंय. आबांच्या मते ते आपल्या परसातल्या तीन कलमांना मिळालं आणि बाकीची नावं कारकुनाने भरीला घातली.) तर गेल्या सोमवारी रात्री मोजलेले ५२ आंबे सकाळी ४७ भरले. पोरांवर आळ आला. पोरं चिडली. रात्री त्यांनी आईच्या डब्यातली सगळी रांगोळी कोठीच्या दारात पसरली आणि सकाळी सहाला घर उठवलं.

दृश्य बघण्यासारखं होतं. दादाची मोठाली पावलं, आत जाणारी आणि बाहेर येणारी. भावोजींच्या चपलेची नक्षी. एक नाजूक पाऊल, पैंजणाचा आवाज येऊ नये म्हणून चवड्यावर टाकलेलं, वहिनीने लगेच तुळशीला पाणी घालायला जायचं काढलं. माझंही होतं, कबूल करतो, डाव्या अंगठ्यामुळे ओळखू आलं. आणि ह्या सगळ्यांच्या बाजूने, ठरावीक अंतरावर, काठीच्या टोकाची बारीक बारीक भोकं. आबा पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता एवढंच. आई चुलीपुढून न उठता म्हणाली, "रांगोळी कुणाच्या बापाची?" आणि प्रकरण मिटलं. सहा दिवसांची शिक्षा झालीय मोठ्यांना. हापूस बंद, फक्त रायवळ खायचे. चोखताना ठकी समोर बसून बाठे मोजते.

बाकी विशेष नाही. रातांबे फोडून झाले, कोकमाची सोलं अंगणात वाळतायत, आगळाच्या बाटल्या भरल्या. तुझी एक बाजूला काढलीय. २०२५ ला २५ मेलाच पाऊस उतरला होता ना, तेव्हापासून आई अर्ध्या मेपासूनच लाकडं आत घ्या, लाकडं आत घ्या म्हणून मागे लागते. आज सकाळी तेच केलं. दोन विंचू, एक सरडा आणि सोन्याचा हरवलेला चार्जर सापडला.

आता पत्राचं कारण. सोबत एक पोस्टकार्ड आहे. हे अजून ५० पैशांना मिळतं हे ऐकून गोट्याने "५० पैसे म्हणजे कुठलं नाणं?" विचारलं, मला दाखवता आलं नाही. कार्डावर ठकीने प्रश्न लिहिलाय, तुला फक्त खूण करून पेटीत टाकायचंय. फोनवर विचारू देत नाहीत, "कामा मागून खुणा करेल" म्हणे. पत्र मी त्यांच्यादेखत लिहिलं, आता ठकी वाचून पास करतेय. पास झालं.

तुझा,
कामा

—

पक्या, हा दुसरा कागद रात्री लिहितोय, सगळी झोपल्यावर, मोबाइलच्या उजेडात. पाकिटात घुसवणार आहे.

प्रश्न १९९८ च्या मे महिन्याचा आहे. कोकण रेल्वे पुरती सुरू झाली त्याच साली तू आलेलास, आणि आगराच्या कडेच्या रायवळीवर तो प्रकार झाला. मी मुलांना असं सांगितलंय की तू वर चढलास, तुला तांबड्या मुंग्यांनी धरलं, खाली उतरता येईना म्हणून भोकाड पसरलंस आणि मी शिडी घेऊन धावत आलो. बोलता बोलता झालं रे. सुरुवात खरी केली होती, मध्येच नावं बदलली. ऐकताना चौघं माझ्याकडे इतकी कौतुकाने बघत होती की परत फिरवेना. मग ठकीने माझा हात धरून विचारलं, "पण मग कोपरावरचा व्रण तुझ्या कसा?"

तेव्हा कार्डावर 'ब' वर खूण कर. 'ब' म्हणजे तू. तुला काय फरक पडतो, तू पुण्यात बसलायस. इथे कार्ड उघडं येणार, पोस्टमन वाचणार, मग आख्खी वाडी. पुढच्या वर्षी हापूसच्या दोन पेट्या पाठवतो, एखादा आतून साक्याने खराब निघाला तर माझी जबाबदारी. तू शिडी धरून हसत होतास ते मी विसरलेलो नाही, पण तो हिशेब आपण आपल्यात बघू.

—

(ह्याच कागदाच्या मागे, पेन्सिलने)

पक्याकाका, सा. न.

हा कागद मला पाकिटात सापडला. मी डिंक लावणार होते म्हणून उघडलं. आजीने आम्हाला कधीच सगळं सांगितलंय, शिडी तिनेच तुम्हाला दिली होती आणि कामाची चड्डी फांदीलाच राहिली होती. तरी तुम्ही ब वरच खूण करा. आम्हाला त्याचं तोंड बघायचंय. मग आम्ही आजीला बोलवू.

तुमची,
ठकी

बबडीने पण सही केलीय, तो डाग फणसाचा आहे.