कर्ज नको, फोन करणारं माणूस द्या: रोजगार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. रोजगार मंत्री साहेब,

मी ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे आणि स्वतःचं काहीतरी सुरू करावं का या विचारात आठ महिने अडकलेय. धंद्याची हौस कधीच नव्हती, नोकरीचे पर्याय एकेक करून संपले. इंटरव्ह्यूत काम कसं करते हे कोणी बघतच नाही, नजरेला नजर देते का, पटकन बोलते का तेवढंच बघतात, आणि लागलीच नोकरी तर ट्यूबलाइटची घरघर, चौघांचं एकदम बोलणं, वर दिवसभर नॉर्मल दिसायची अ‍ॅक्टिंग, घरी पोचेपर्यंत तोंडातून शब्द फुटत नाही. दोन नोकऱ्या अशाच सुटल्या.

काम मला येतं हो. गोंधळलेली एक्सेल शीट द्या, दुबार नोंदी नि चुकलेल्या तारखा शोधत पाच तास बसते, भूक लागलेलीही कळत नाही (हा गुण की दोष, मलाच अजून ठरवता आलेलं नाही). घरात, माझ्या उजेडात हे जमेल. पण गिऱ्हाईक शोधा, रेट सांगा, "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणजे हो की नाही ते ओळखा, अडकलेल्या पैशांसाठी फोन करा... ज्याने नोकरी गेली तेच सगळं मागच्या दाराने परत घरात. आणि बर्नआउट आला, म्हणजे ताणाने पार गळून गेले, तर महिनेच्या महिने जातात, पगारी रजा कोण देणार?

मदत मागायला गेले तर कर्जाचा फॉर्म आणि कम्युनिकेशन स्किल्सचा कोर्स पुढे केला. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ मध्येच मांडलंय की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्हीकडून होतो, मग कोर्स एकट्या मलाच का?

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात, कलम २७ मध्ये, स्वयंरोजगाराला चालना द्या असं लिहिलंय. कर्ज घेऊन मी काय करू, लॅपटॉप आहे माझ्याकडे. मला आठवड्याला तीन-चार तास एक माणूस हवाय, फोन घेणारा, बिलांच्या मागे लागणारा. अंध व्यक्तीला लेखनिक लागतो हे सगळ्यांना पटतं, तसंच आहे हे. आणि पहिलं बिल निघालं की अपंगत्वाचा भत्ता बंद, पुढे काम आटलं की पुन्हा पहिल्यापासून अर्ज, असं असेल तर उडी मारायची कशी? निदान पहिली दोन वर्षं भत्ता कमी-जास्त करा, पण तोडू नका.

उत्तर द्याल तर ईमेलने द्या. फोन केलात तर उचलला जाणार नाही, उद्धटपणा समजू नका.

आपली,
एक ऑटिस्टिक नागरिक