पाकिटावरचं लेबल

चोपडा

चि. निलेशला अनेक आशीर्वाद.

दिवाळीत कपडे धुवायला काढताना तुझ्या बॅगेत सापडलेलं पाकीट आईने मला दुकानात आणून दिलं. एवढंच म्हणाली, "पोऱ्याले दम दिऊ नका, समजाडीसन सांगा." स्टँडवर तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, मित्राचं आहे, आणि गांजापेक्षा सौम्यच असतं. चार लोकांत मी गप्प बसलो. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून हे पत्र.

चंदेरी पाकीट, आत चिमूटभर सुका पाला, वास स्ट्रॉबेरीचा. पंचवीस वर्षं दुकानात फवारणीच्या औषधांची लेबलं वाचतोय, सवयीने उलटं करून पाहिलं. आपल्याकडच्या सगळ्यात जहाल डब्यावर लाल त्रिकोण असतो, घटकाचं नाव, टक्केवारी, बॅच नंबर, विषबाधा झाली तर उतारा काय, सगळं छापलेलं असतं. यावर इंग्रजीत 'हर्बल', आणि खाली बारीक अक्षरात 'मानवी सेवनासाठी नाही'. बस.

मित्राचं असेल, मानतो. पण हा नकली गांजा, आणि तो सौम्य नाही. पाला कसलाही असो, नशा त्याची नसतेच. ती असते प्रयोगशाळेत बनवलेल्या रसायनाची. अमेरिकेत क्लेम्सन विद्यापीठात जॉन हफमन नावाच्या प्राध्यापकाने अशी रसायनं संशोधनासाठी बनवली होती, त्यातलं जेडब्ल्यूएच-०१८ पुढे 'स्पाइस' नावाने पाकिटात विकलं गेलं. गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, मेंदूतल्या ज्या जागी बसतं, तिथला नळ ते अर्धवटच उघडतं. ही रसायनं पूर्ण उघडतात. 2016 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकाच दिवशी 33 माणसं असलंच पाकीट ओढून रस्त्यावर भूत लागल्यासारखी डोळे तारवटून पडली. त्या पाकिटातलं रसायन टीएचसीच्या सुमारे 85 पट तीव्र निघालं. झटके येणं, छाती धडधडणं, नाही ते दिसणं, मूत्रपिंड निकामी होणं, हे सगळं यात घडलेलं आहे.

शिवाय ते पाल्यावर लावतात कसं? अॅसिटोनमध्ये विरघळवून फवारतात. फवारणीचं तू मला सांगू नकोस! १५ लिटरच्या पंपाला ५ मिली सांगावं तर गडी १५ ओततो, आणि नोझल जिथे थबकलं तिथली पानं करपतात. इथेही तसंच. एका चिमटीने काही होत नाही, त्याच पाकिटातली दुसरी चिमूट आडवं पाडते.

2018 मध्ये अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात तर अशा मालात ब्रोडिफॅकूम निघालं. उंदीर मारायचं औषध, आपल्या फळीवरच्या ब्रोमाडिओलोनचं भावंड. रक्त गोठणंच थांबतं. 150 हून जास्त लोकांच्या नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त यायला लागलं. चौघे तरी गेले, उरलेल्यांना कित्येक महिने व्हिटॅमिन केच्या गोळ्या.

याचा अर्थ गांजा चांगला, असा काढू नकोस. मी काही सोवळा नाही. एका महाशिवरात्रीला भांग पिऊन केळीच्या बागेत रात्रभर पडलो होतो, पानं सळसळली की कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. सकाळी उतरली. तुझ्या वयात रोज ओढणाऱ्याची आठवण, अभ्यास बिघडतो, काहींचं डोकंच फिरतं. शिवाय कायदा आहेच. शिरपूरकडे कपाशीत लपवलेली झाडं पोलीस उपटतात, ते तू पेपरात वाचतोस.

एक मात्र लक्षात ठेव. खोलीत कुणी हे ओढून पडला तर घाबरून त्याला एकटा टाकून पळू नका. कुशीवर वळवा, 108 लावा आणि डॉक्टरला खरं सांगा, पाकीटही दाखवा. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत हे सापडत नाही, आणि पोरं ते घेतात तेही त्यासाठीच, हे मला कळतं. पण मग डॉक्टरलाही कळत नाही. त्या वेळी मी रागावणार नाही. फोन कर, कितीही वाजले असोत.

मित्राला हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

कळण्याचं पीठ आणि केळीचे वेफर्स गुरुवारच्या ट्रॅव्हल्सने पाठवतोय. ड्रायव्हरला आधी फोन कर, मागच्या खेपेला डबा नाशिक फाट्यावरून परत आला.

तुझे अण्णा